दोरा ओढायची वेळ

गालात खड्डा होता. काल संध्याकाळी मी मातीच्या डोक्याला ओलं फडकं गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी चढवून घरी गेलो तेव्हा तो नव्हता. निदान माझ्या लेखी नव्हता. सकाळी फडकं सोडलं आणि डाव्या गालाच्या हाडाखाली, जिथे एक साधा उतार आणण्यासाठी मी कितीतरी दिवस मरमर केली होती तिथे, कुणीतरी अंगठा खुपसून काढला होता. तळाशी नखाची कोर उमटलेली. मला आधी राग आला. रागाचं एक बरं असतं, तो लगेच कुणावर तरी काढता येतो. आमची शेड म्हणजे जुना बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, खिडक्या उंचावर, भर उन्हाळ्यातही आत गार. आम्ही तीन शिल्पकार इथे एकत्र काम करतो आणि एकमेकांना आपापल्या सामानाच्या नावानं हाका मारतो. खरी नावं विजेच्या बिलावर छापायला ठेवली आहेत. लोखंड भंगारातले गिअर आणि पाइप जोडून माणसाहून उंच जनावरं उभी करतो. चिंधी लोकांनी टाकलेल्या कपड्यांची माणसं शिवते, आत भुसा आणि कापूस कोंबते, आणि ती बाकांवर अशी बसवून ठेवते की संध्याकाळी दिवा लावताना आपण दचकतो. आणि मी माती. प्लास्टर, मेण, सिमेंट, रेझिन सगळं करून झालं, पण फिरून फिरून मातीकडे येतो म्हणून माती. चिंधी वयानं सगळ्यांत लहान आणि जिभेनं सगळ्यांत मोठी, म्हणून संशय तिच्यावर.

"चिंधी, माझ्या डोक्याला हात लावलास का तू?"

"तुमच्या डोक्याला कोण हात लावणार, माती?" शिलाई मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. "आधीच नाजूक प्रकरण."

लोखंड चष्म्याआडून खदखदून हसला. मीही हसलो. हसता हसता, उगाच, माझा अंगठा त्या खड्ड्यात ठेवून पाहिला. तो आत गेला आणि बसला. नुसता बसला नाही, चपखल बसला, बाटलीच्या बुचासारखा. माझ्या अंगठ्यावर आडवी जुनी खूण आहे, शिकायला होतो तेव्हा तासणी सटकली होती त्याची, आणि खड्ड्याच्या तळाशी तशीच आडवी रेघ उमटलेली होती. म्हणजे हा माझाच अंगठा. म्हणजे काल कधीतरी, मान तिरकी करून कपाळाकडे बघत असताना, मी त्या गालावर भार टाकून उभा राहिलो होतो, आणि माती आत जात होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. मी अंगठा काढला, डोक्यावर फडकं टाकलं आणि म्हटलं, "मीच केलं असेल, विसरलो." लोखंडनं ग्राइंडर सुरू केला आणि ठिणग्या उडायला लागल्या, रोजच्यासारख्या.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. डोक्यातून गोष्टी जातात, त्याचं मला काही वाटत नाही. माणसांची नावं, चुलीवरचं दूध, एकदा तर स्वतःच्या प्रदर्शनाची तारीख. पण बोटांतून माझं कधी काही गेलं नव्हतं. आमच्या घरात सगळी मदार बोटांवर. बाबा कवळ्या करायचे. दाताचे डॉक्टर लोकांच्या तोंडांचे ठसे पाठवायचे आणि बाबा आमच्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत बसून त्यांत प्लास्टर ओतायचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या वळायचे, त्यांत एकेक दात रोवायचे. आई त्या कवळ्या घासून गुळगुळीत करायची. शेवटचा हात तिचा. डोळे खिडकीबाहेर, कानाशी रेडिओ, आणि बोटांची टोकं त्या हिरडीच्या कडेवरून फिरत असायची, मध्येच थांबायची आणि ती म्हणायची, "इथे टोचेल हो माणसाला." बाबा भिंगातून बघायचे, त्यांना काही दिसायचं नाही. तरी घासून द्यायचे, कारण आईचं बोट चुकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी त्या खोलीत गुलाबी मेणाचे उंदीर करत मोठा झालो. माझ्याकडे जे काही आहे ते आईच्या बोटांतून आलेलं आहे, आणि समीक्षक त्याला माझी संवेदनशीलता वगैरे म्हणतात तेव्हा मला तिच्या जागी मी बक्षीस घेतोय असं वाटतं.

त्या दिवसापासून मी चोरासारखा वागू लागलो. चहाचा कप धरला की आधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचो, कढत आहे का ते. बसमध्ये दांडा धरला तर वर बघून खात्री करायची की हात तिथे आहे. खिशात टाचणी ठेवली होती. कुणी नाही असं बघून बोटांना टोचायचो. करंगळी ओरडायची. तर्जनी पुटपुटायची. अंगठा आणि मधलं बोट गप्प. मग वाटायचं, जोरात टोचलं नाही, आणि जोरात टोचायचो, आणि मग रक्त दिसायचं आणि ते रक्त कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं मी रुमालानं टिपून घ्यायचो. उजव्याचं काय घेऊन बसलास, डावा तर आहे, असं स्वतःला समजावलं आणि मग डाव्याला टोचायचं धाडस झालं नाही. डॉक्टरकडे जावं हे कळत होतं. पण डॉक्टर नाव सांगतो. नाव नसेपर्यंत ते काहीही असू शकतं: रेझिनचा वास घेतला त्याचं, ग्राइंडरच्या हादऱ्याचं, मानेतल्या एखाद्या शिरेचं, साखरेचं. आणि ते, ज्याचं नाव आमच्या लहानपणी मोठी माणसं आवाज खाली करून घ्यायची, ज्यात आधी बोटांना कळेनासं होतं आणि मग बोटंच. तिथे आलं की माझा विचार थांबायचा, आणि थांबूनही तिथेच उभा असायचा. शेडमध्ये मी कामाचं नाटक करत होतो. माती मळायची, ठोकायची, पुन्हा मळायची. पूर्वी मळता मळता कळायचं की हिच्यात पाणी किती, वाळू किती, कालची की परवाची. आता करंगळीसुद्धा पुटपुटण्यावर आली होती, हातात नुसतं वजन येत होतं. हातमोजे घालून आयुष्य काढावं तसं. आणि सगळ्यांत भीती वाटायची ती याची, की डोकं तरीही बरं होत चाललं होतं. डोळ्यांनी मी ते ढकलत होतो आणि कुणाला काही कळत नव्हतं. लोखंड म्हणाला, "कपाळ झकास उतरलंय." मला वाटलं, याचाही माझ्यावर विश्वास आहे, आईसारखाच, आणि दोघंही फसणार.

त्यातच आमचं तिघांचं प्रदर्शन ठरलं. कल्पना चिंधीची: प्रत्येकानं आपापल्या सामानात एक हात करायचा. लोखंड स्वतःच्या बापाचा करणार होता, मेकॅनिकचा, पान्यांच्या तुकड्यांतून. चिंधी आपल्या हाताचा, सगळे मोजे जोडून, खोलीभर लांब. मी काही विचार करायच्या आत बोलून गेलो, "आईचा." दोघांनीही लगेच माना डोलावल्या, कारण आई अधूनमधून शेडवर येते आणि ती सगळ्यांची आई आहे, चिंधीच्या भुशाच्या माणसांशीही बोलते. "ओतीव करणार?" लोखंडनं विचारलं. "दोऱ्याचा साचा," मी म्हटलं. तेही विचार न करता. किंवा विचार करून, पण मला न सांगता.

दोऱ्याचा साचा मला बाबांनी शिकवला. हल्ली कुणी करत नाही. हल्ली रबरासारखी मऊ लुकणं मिळतात, त्यात हात बुडवायचा, काढून घ्यायचा, झालं. पण आईचा हात आता कापतो, आणि कापणाऱ्या हाताचा त्या लुकणात ठसा धूसर येतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाबांची पद्धत अशी: हाताला व्हॅसलीन चोळायचं. मग मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकावरून फिरवून खालच्या बाजूनं परत मनगटापर्यंत असा एक मजबूत दोरा हाताला चिकटवून ठेवायचा, दोन्ही टोकं बाहेर. वरून प्लास्टर थापायचं, चांगलं जाड, सगळा हात झाकेपर्यंत. प्लास्टर पातळ असतं, मग दह्यासारखं होतं, मग एक क्षण असा येतो की ते ओल्या साबणाच्या वडीसारखं लागतं. तेवढ्यात दोरा ओढायचा. साबण कापल्यासारखा साचा दोन भागांत कापला जातो, नंतर दोन्ही अर्धी उघडायची, हात मोकळा. आधी ओढला तर काप मिटून जातो. उशिरा ओढला तर दोरा तुटतो, आणि हात दगडात. तो क्षण घड्याळ सांगत नाही, कारण पाणी, हवा, प्लास्टरचं पोतं, सगळ्यावर तो बदलतो. तो अंगठाच सांगतो. मी शाळेत असताना बाबांनी माझ्या हाताचा असा साचा काढला होता. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी घाबरून म्हटलं, "बाबा, भाजेल का?" त्यांनी आपला तळवा साच्यावर ठेवला होता, देवळातल्या दगडावर ठेवावा तसा. "माझा हात आहे ना इथे," ते म्हणाले. "तुला भाजायच्या आत मला कळेल." दोरा सर्रकन आला. आत माझा हात गुलाबी, सुरकुतलेला, नवा कोरा. आयुष्यात पुढे मला अनेकांनी खूप काही दिलं, पण तेवढं निर्धास्त मला पुन्हा कुणी केलं नाही.

तर मी परीक्षा घेत होतो. आता बोलायला हरकत नाही. दोरा वेळेवर ओढता आला तर मला काहीही झालेलं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ती परीक्षा द्यायला मी आईला बसवलं होतं.

ती सकाळी आली. केस नीट बांधलेले, पदर खोचलेला, लग्नकार्याला निघाल्यासारखी. चिंधीनं तिला उशी दिली. "आई, तुमचा हात आता म्युझियममध्ये जाणार," चिंधी म्हणाली. "जाऊ दे बाई, बाकीची मी घरी बरी," आई म्हणाली. तिचा उजवा हात मी माझ्या हातात घेतला, व्हॅसलीन चोळायला. हाच तो हात. हाडं वर आलेली, नखांजवळची कातडी चकचकीत, आयुष्यभर पॉलिश केल्यानं तिच्या बोटांचे ठसेच पुसट झालेले आहेत. सरकारी यंत्र तिला ओळखत नाही, दरवेळी खटपट. मी तो चोळत होतो आणि तो मला लागत नव्हता. दिसत होता. आई मला म्हणाली, "तुझे हात केवढे गार पडलेत रे," आणि डाव्या हातानं माझी बोटं चोळायला लागली. मी हात सोडवून घेतला. कामाचं निमित्त होतंच.

पाणी मी जरा कोमट घेतलं. कोमट पाण्यानं प्लास्टर लवकर बसतं, आई अवघडून बसायला नको. किटलीतून बादलीत ओतलं, गार मिसळलं, बोटं बुडवून पाहिली. कोमट वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि काहीच न वाटणं म्हणजे कोमट, असं मी मानून चाललो. चिमूटभर मीठही टाकलं, त्यानंही लवकर होतं. दोरा लावला. प्लास्टर कालवून थापायला लागलो. बोटांच्या फटींतून, तळव्याखाली, मनगटापर्यंत, जाड. आई मजेत बघत होती. "तुझे बाबा असेच तोंड करायचे," ती म्हणाली. "काय तोंड?" "जीभ बाहेर." मी जीभ आत घेतली. टेबलावर बाबांच्या डब्यातली गुलाबी मेणाची एक पट्टी पडली होती, दोऱ्याचं टोक धरून ठेवायला मी ती साच्याच्या माथ्यावर दाबून बसवली. मग अंगठा प्लास्टरवर ठेवला.

ठेवला आणि वाट बघितली. अंगठ्यानं सांगायचं होतं. मी डोळे मिटले. शिकायला होतो तेव्हा आमचे सर डोळे मिटायला लावायचे, म्हणायचे, डोळा खोटारडा आहे, हात साक्षीदार आहे. डोळ्यांमागे अंधार, त्या अंधारात शिलाई मशीन चालतंय, लोखंड कुठेतरी शीळ घालतोय, आणि माझा साक्षीदार एक शब्द बोलत नाही. दही आहे? साबण आहे? मी दाबलं. दाबलं की नाही तेही कळेना. बाबा अशा वेळी काय करायचे ते आठवायला लागलो, आणि ते काहीच करत नव्हते, त्यांना नुसतं कळत होतं. अजून थोडं, मी मनात म्हटलं. अजून थोडं. मग एकदम वाटलं, आता! कशावरून वाटलं कोण जाणे. दोन्ही टोकं धरून ओढली. दोरा ताणला, कण्हल्यासारखा आवाज आला, आणि तुटला. माझ्या हातात हातभर दोरा आला. बाकीचा आत राहिला.

"झालं?" आईनं विचारलं.

"होतंय. जरा थांब."

असं का म्हणालो? लोखंडला हाक मारायला हवी होती. पण हाक मारली की संपलं. मी तुटलेला दोरा खिशात घातला आणि बाबांसारखा तळवा साच्यावर ठेवून बसलो. बसलो म्हणजे काय, विचार करत होतो, की गार झाल्यावर बाजूनं रेघ मारून, हलकेच पाचर घालून, कुणाच्या लक्षातही न येता. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. शेडमध्ये उकडत नाही.

"गरम होतं का रे हे?" ती म्हणाली.

"थोडं होतं. पण अजून नाही झालेलं. माझा हात आहे ना इथे."

"बरं," ती म्हणाली, आणि चिंधीच्या भुशाच्या माणसांकडे बघायला लागली. तिनं डाव्या हातानं खुर्चीची कड धरली होती. ती काहीतरी गुणगुणायला लागली, रेडिओवरचं जुनं, पण चाल मध्येच तुटत होती आणि ती पुन्हा पहिल्यापासून धरत होती. आई दुखलं म्हणत नाही. हे आमच्या घरातलं सगळ्यांना माहीत असलेलं सत्य. अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हा ती "जरा पोट जड आहे" म्हणाली होती. मला हे माहीत होतं. मला हे इतकं माहीत होतं, की ते माझ्या डोक्यात त्या वेळी आलं कसं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. माझी नजर साच्याच्या माथ्यावर गेली. मेणाची पट्टी बसकी दिसत होती. तिच्या कडा गोल झाल्या होत्या. ती चकाकत होती, आणि मी बघत असतानाच ती सावकाश एका बाजूला वाकली आणि घसरली.

चिंधी पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, आईला द्यायला. तिनं वाकून सहज साच्याला हात लावला आणि हात झटकला, ग्लास खाली. "अहो, भाजतंय हे! माती, भाजतंय! तुम्ही हात कसा ठेवलाय?"

मग लोखंड धावत आला. माझ्या हातात छिन्नी आणि हातोडी होती, कधी उचलली ते आठवत नाही. छिन्नी साच्यावर टेकवली. तिचं टोक कुठे टेकलंय ते मला बघून कळत होतं, तिच्याखाली किती प्लास्टर आहे आणि कुठे आईची हाडं सुरू होतात, ते कशानंच कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात मी छिन्नीला इतका भ्यालो नव्हतो. "तू कर," मी लोखंडला म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. रेल्वेच्या रुळाचे तुकडे पाडणारा माणूस, पण त्यानं असे ठोके घातले की अंडं फोडतोय. साच्याला भेग गेली, दोन ढलपे निघाले, वाफेचा ओला वास आला आणि आईचा हात बाहेर आला. लालभडक. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी वर आलेली. चिंधीनं तो नळाखाली धरला आणि रडायला लागली. आई तिचीच समजूत घालत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. मी आईवर ओरडलो. "भाजत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"अरे, तू म्हणालास ना, नाही म्हणून," ती म्हणाली. "तुझा हात होता त्याच्यावर. म्हटलं, मलाच वाटत असेल. वय झालं, आता माझ्या बोटांचं काय खरं."

मी खाली बसलो. समोर साच्याचे तुकडे पडले होते, आतली बाजू वर. सवयीनं मी ते वाचायला लागलो. नको म्हटलं तरी डोळा वाचतोच. तळव्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या, अंगठीचा वळ, नखं. पण बोटांची टोकं दुहेरी होती. प्लास्टर अजून मऊ होतं तेव्हाच, मी डोळे मिटून साक्षीदाराची वाट बघत होतो तेव्हा, बोटं मागे सरकली होती. चारही. थोडीशी, खरडत, आणि मग पुन्हा पुढे जाऊन आपल्या जागी बसली होती. पाणी पहिल्यापासूनच कढत होतं. हातानं सगळं सांगितलं होतं, आणि मग माझं काम बिघडायला नको म्हणून तो गप्प बसला होता.

लोखंडच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. आई मध्ये बसली, भाजलेला हात ओल्या फडक्यात धरून, तेच फडकं, मातीच्या डोक्याचं. डॉक्टरीण तरुण होती, घाईत नव्हती. तिनं आईच्या हाताला मलम लावलं, पट्टी बांधली, म्हणाली, "आजी, थोडक्यात वाचलात. बोटं हलतायत, खूण राहील मनगटाला." मला श्वास घेता आला. मी तिला धन्यवाद द्यायला हात जोडले, आणि तिचं लक्ष माझ्या हातांवर गेलं.

"तुमचं कधी भाजलं?"

"माझं नाही भाजलं."

तिनं माझा उजवा हात उलटा केला. तळव्यावर मोठा फोड आला होता, पाण्यानं भरलेला, त्याच्याभोवती कातडी पांढरी. अंगठ्यावर आणखी एक. मी ते बघितलं आणि आधी वाटलं, हा कुणाचा हात हिनं धरलाय. आईनंही बघितलं. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. साच्यात हात असताना तो तसा झाला नव्हता.

"दुखत नाही?" डॉक्टरणीनं विचारलं.

मी आईकडे बघितलं. "जरा जड आहे," मी म्हणालो.

डॉक्टरणीनं फोडावर पट्टी घातली, मग ड्रॉवरमधून एक बारीक सुई काढली. "डोळे मिटा," ती म्हणाली. "दुसरा हात द्या, डावा. आणि उजव्याचीही मोकळी बोटं. मी टोचलं की सांगायचं, आत्ता म्हणून. एवढंच."

मी डोळे मिटले. अंधार, बाहेरच्या खोलीत कुणाचं तरी बाळ, पंख्याची घरघर. बाजूला आईचा श्वास. तो मला पूर्ण ओळखीचा आहे, त्या श्वासाशेजारी मी मेणाचे उंदीर केले आहेत. मी बोटांकडे लक्ष दिलं, सगळा जीव तिथे नेऊन ठेवला. आणि तेवढ्यात आईनं तोंडातून हवा आत ओढली, "स्स."

"आत्ता," मी म्हणालो.

"छान," डॉक्टरीण म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "स्स." "आत्ता." पुन्हा. "आत्ता." मला इतका आनंद झाला की हसू फुटलं. सगळं कळत होतं, प्रत्येक वेळी, वेळच्या वेळी. स्वतःचा हात उकळत असताना जिनं हूं की चूं केलं नाही, ती माझ्या प्रत्येक बोटाला कळवळत होती, आणि मी त्या आवाजावर दोरा ओढत होतो.

मग पंख्याची घरघर नुसतीच राहिली. डॉक्टरीण हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

खुर्ची सरकली. आईची चप्पल वाजली, दाराशी थांबली. "हळू हं बाई," आई तिला म्हणाली. दार लागलं. मी डोळे उघडले नाहीत. ताठ बसलो, दोन्ही हात पुढे करून, पंजे वर. आता कळेल, मी स्वतःला म्हटलं. आता नीट लक्ष दे. बाहेरचं बाळ रडायचं थांबलं. कुणीतरी औषधाची बाटली ठेवली. मी वाट बघत राहिलो. ती बहुधा काही लिहीत असावी, किंवा सुई पुसत असावी. फार वेळ झाला. हात अवघडायला लागले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "करा ना सुरू."

"झालं," ती म्हणाली. "उघडा डोळे."